पूर ओसरला, ताप अंगावर काढू नका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेने धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले. ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली नाव उलटली, माणसे बुडाली. बुडण्याची भीती सगळ्यांना कळते. पाणी उतरल्यावर येणारा ताप मात्र ‘भिजलो म्हणून आला’ म्हणत आपण अंगावर काढतो.

तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. उंदीर, कुत्रे, गुरे यांच्या मूत्रातले जंतू पुराच्या पाण्यात, मागे उरलेल्या चिखलात असतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. दिवसभर नाव वल्हवणारे, कमरेभर पाण्यातून म्हाताऱ्यांना काढणारे तरुण, नंतर घरातला गाळ उपसणाऱ्या बाया, सफाई कामगार या सगळ्यांना हा धोका. सफाईला जाणाऱ्यांनी गमबूट मागून घ्यावेत; ती कुणाची मेहेरबानी नव्हे, असे आम्ही मानतो.

पाण्यात उतरलेल्याने ७२ तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठावा. डॉक्टर तपासून डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी देतात. गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ती देत नाहीत, त्यांचे औषध वेगळे. म्हणून शेजारणीची गोळी वाटून घेऊ नका.

महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर त्याच दिवशी जा. लघवी कमी झाली, डोळे पिवळे पडले, धाप लागली तर थेट मोठ्या रुग्णालयात. आणि ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे डॉक्टरांना आधी सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका.