फवारणीचा कागद कसा लिहावा?

फवारणीचे दिवस आले की आम्ही बचत गटात एक कागद तयार करतो. काय फवारायचं, किती आणि कसं, ते त्यावर असतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. म्हणून या कागदावरचा शब्द न् शब्द आम्ही तपासून घेतो.

पहिला शब्द 'औषध'. तापाची गोळीही औषध आणि कीटकनाशकही औषध! लेकराला फरक कळणार कसा? आम्ही 'विषारी कीटकनाशक' असंच लिहितो. पाण्यात मिसळलं की त्याला 'द्रावण' म्हणतो. एकदा ठरलेलं नाव शेवटपर्यंत बदलत नाही. मध्येच 'दवा' लिहिलं, तर वाचणारीला ती तिसरीच वस्तू वाटते.

दुसरं, माप. 'एक टोपण' लिहू नका, बाटलीगणिक टोपण वेगळं असतं. मिलिलिटर लिहा. 'एका पंपाला' म्हणताना पंप किती लिटरचा तेही लिहा. लेबलवर मात्रा एकरी आहे की हेक्टरी, हे आधी बघा. हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. हेक्टरी 500 मिली असेल, तर एकरी 200 मिली होतात. हेक्टरचा आकडा एकराला धरला, तर अडीचपट विष पडतं.

तिसरं, डब्यावरचा रंग. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, त्यातल्या त्यात कमी विषारी. हे वाक्य कागदावर हवंच.

चौथं, 'योग्य ती काळजी घ्यावी' असं मोघम लिहू नका. काय करायचं ते सांगा: हातमोजे घाला, नाक-तोंड झाका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची, तो आकडा लेबलवरून उतरवा. चक्कर, मळमळ, अंधारी आली तर लगेच दवाखान्यात जा आणि डब्याचं लेबल सोबत न्या.

कागद झाला की तो लिहिताना हजर नसलेल्या एखादीला वाचून दाखवा. मग तिलाच विचारा, "आता तू काय काय करशील, सांग." ती जिथे अडखळेल, तिथलं वाक्य बदला. येत्या बैठकीत हे करून बघा, आणि कोणता शब्द बदलावा लागला ते आम्हाला नक्की कळवा.