स्पर्धा कायद्याची सोळा वर्षे: निकाल लागले, वसुली राहिली

स्पर्धा कायदा संसदेने डिसेंबर २००२ मध्ये मंजूर केला. मात्र संगनमत आणि वर्चस्वाचा गैरवापर यांना आळा घालणारी त्याची कलमे लागू झाली ती २० मे २००९ ला. आयोगाचा अध्यक्ष न्यायक्षेत्रातला असावा की बाहेरचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ मध्ये तो मिटला, २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी भारतीय स्पर्धा आयोग खऱ्या अर्थाने कामाला लागला. या कायद्याचा मागोवा घेताना माझी नजर दंडाच्या आकड्यांपेक्षा तारखांवरच अधिक खिळते. आयोगाने कुणाला किती कोटींचा दंड केला, याचे मथळे होतात. त्या दंडाचे पुढे काय झाले आणि तोवर गिऱ्हाइकाने काय भोगले, हे तारखा लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याआधीचा १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा उद्योगजगतात एमआरटीपी या नावानेच ओळखला जाई. त्याचा रोख मोठ्या उद्योगसमूहांवर होता. मालमत्ता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कारखाना वाढवायलाही दिल्लीची परवानगी लागे. १९९१ मध्ये ती अट गेली आणि कायद्यातला जोरच गेला. संगनमत सापडले तरी जुना आयोग मुख्यतः ‘हे थांबवा’ एवढेच सांगू शकत असे, जबर दंड करण्याचा अधिकार त्याला नव्हता. एस. व्ही. एस. राघवन यांच्या समितीने २००० मध्ये नव्या कायद्याची शिफारस केली, तेव्हा विचारच पालटला. कंपनी मोठी असणे हा दोष उरला नाही. मोठेपणाच्या बळावर दुसऱ्याची वाट अडवणे, किंवा स्पर्धकांनी एकत्र बसून भाव ठरवणे, हा दोष ठरला.

जुन्या आयोगाकडून नव्या आयोगाकडे ज्या फायली आल्या, त्यांत गोव्यातल्या औषध व्यापाराची एक तक्रार होती. औषध कंपनीला नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आधी केमिस्टांच्या संघटनेची ना-हरकत हवी, नवे औषध बाजारात आणायचे तर संघटनेकडे पैसे भरायचे, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा किती टक्के हेही संघटनाच सांगणार. ही पद्धत देशभर इतकी मुरली होती की तिच्यात काही गैर आहे, असे व्यापारातल्या अनेकांना वाटतही नव्हते. जून २०१२ मध्ये आयोगाने गोव्याच्या संघटनेला दोन लाख रुपये दंड केला. पुढच्या वर्षी ओडिशातल्या तक्रारीवरून अखिल भारतीय संघटनेला सुमारे ४७ लाखांचा दंड झाला. सोळा वर्षांतल्या आदेशांत मला हे छोटे आदेश फार मोलाचे वाटतात. शेजारच्या दुकानात औषध कुणी पुरवायचे हे त्याच्याच स्पर्धकांच्या संघटनेने ठरवणे बेकायदा आहे, हे त्यांनी पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत सांगितले. इतर राज्यांतूनही अशाच तक्रारी पुढे येत राहिल्या.

दुसरे प्रकरण धान्याच्या गोदामांतले. अन्न महामंडळ साठवलेल्या धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या विकत घेते. ८ मे २००९ च्या निविदेत तीन कंपन्यांनी एकच दर भरला, किलोला ३८८ रुपये. त्याआधीही कित्येक वर्षे त्यांचे दर असेच जुळत आले होते. निविदा कायदा लागू होण्याच्या बारा दिवस आधीची, म्हणून कायदा आम्हाला लागूच होत नाही, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता. दराच्या वाटाघाटी २० मेनंतरही चालू होत्या, असे सांगून न्यायालयाने तो फेटाळला. संगनमत सिद्ध झाले. तरी मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व पक्के केले: दंड कंपनीच्या एकूण उलाढालीवर बसणार नाही, ज्या मालाबाबत संगनमत झाले त्याच मालाच्या उलाढालीवर बसेल. त्यामुळे या तीन कंपन्यांतल्या युनायटेड फॉस्फरसचा २५२ कोटींचा दंड सात कोटींच्या आत राहिला. कायद्याच्या दृष्टीने या तर्कात प्रमाणबद्धता आहे, हे मान्य. पण अनेक माल विकणाऱ्या बड्या कंपनीला एका मालावरचा दंड म्हणजे धंद्याचा किरकोळ खर्च वाटू शकतो. पुढच्या काळातले बरेच वाद याच मुद्द्याभोवती फिरले.

सिमेंटच्या खटल्यापाशी मात्र जरा थांबायला हवे. बांधकाम व्यावसायिकांच्या देशव्यापी संघटनेने २०१० मध्ये तक्रार केली. २० जून २०१२ ला आयोगाने अकरा कंपन्यांना मिळून ६,३०० कोटींहून अधिक दंड ठोठावला. एसीसी, अंबुजा, अल्ट्राटेक, सेंच्युरी ही मुंबईशी बांधलेली नावे त्यांत होती. लेखी करार सापडला नव्हता, तसा तो सहसा सापडतही नाही. आयोगाने परिस्थितीजन्य पुरावा उभा केला. उत्पादकांच्या संघटनेत कंपन्या भेटत होत्या, आपसात आकडेवारी वाटत होत्या, भाव एका दिशेने हलत होते आणि कारखान्यांची क्षमता असूनही माल पुरता काढला जात नव्हता. कुणीतरी गावाकडे दोन खोल्या चढवत असतो, त्याच्या दारात उतरणाऱ्या प्रत्येक गोणीत हा हिशेब मिसळलेला असतो, पण त्याला तो दिसत नाही. अशा वेळी सामान्य माणसाच्या वतीने विचारणारा आयोगाखेरीज दुसरा कोण होता?

मग आले अपील. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आदेश रद्द केला. संगनमत झाले नाही, असे त्याने म्हटले नाही. ज्या अध्यक्षांनी अंतिम सुनावणी ऐकली नव्हती त्यांनी आदेशावर सही केली होती, आणि ते नैसर्गिक न्यायाला धरून नव्हते. आक्षेप रास्त होता, म्हणूनच तो जास्त खुपतो. आयोगाने पुन्हा ऐकले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा जवळपास तोच निष्कर्ष काढला. जुलै २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलएटीने, तो कायम केला. त्याच वर्षी कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, दंडाचा दहावा हिस्सा भरून उरलेल्याला स्थगिती मिळाली, आणि पुढची अनेक वर्षे खटला तिथेच राहिला. तक्रार झाली तेव्हा ज्याने घराचा पाया घातला, त्याच्या घराला तोवर दोनदा रंग लावून झाला असेल.

सिमेंट हे एकटे उदाहरण नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड झाला. त्यांत टाटा मोटर्सला १,३४६ कोटी आणि महिंद्राला २९२ कोटी होते. तो वाद कायद्याच्या घटनात्मक वैधतेपर्यंत लांबला. कोल इंडियाविरुद्धच्या तक्रारदारांत आपली महानिर्मितीही होती. कोळशाचा दर्जा, वजन आणि एकतर्फी करार यांबद्दल ती दाद मागत होती. आयोगाचा आदेश डिसेंबर २०१३ चा. सरकारी कंपनीलाही हा कायदा लागू होतो, एवढा प्राथमिक मुद्दा सर्वोच्च न्यायालयात निकाली निघायला जून २०२३ उजाडला.

अर्थविषयक संसदीय स्थायी समितीने २०२५ मध्ये मांडलेले आकडे यासंदर्भात बोलके आहेत. आयोगाने आजवर केलेला दंड २०,३०० कोटींहून अधिक. त्यातला १८,५०० कोटींहून अधिक वरच्या न्यायपीठांनी रोखला किंवा रद्द केला. उरलेला जवळपास सगळा वसूल झाला, म्हणजे वसुली खात्याने आपले काम केले. प्रश्न त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. कायद्याने अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करण्यास सांगितले आहे. पण मे २०१७ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरण बंद करून त्याचे काम एनसीएलएटीकडे दिले गेले, आणि तिथे कंपनी कायद्यासोबत दिवाळखोरीच्या अपिलांचाही ढीग होता. माझ्या मते या सोळा वर्षांतला सर्वांत महाग पडलेला निर्णय हाच. शेकडो पानांचा आर्थिक पुरावा वाचायला सवड हवी आणि त्या विषयात मुरलेले डोके हवे.

दरम्यान तपासाची पद्धत मात्र पक्व होत गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये जेसीबीच्या कार्यालयावर पहिला छापा पडला. संगनमतातून बाहेर पडून कबुली देणाऱ्याला दंडात सवलत द्यायची, ही तरतूद आधीपासून कागदावर होती. तिचा पहिला लाभ जानेवारी २०१७ मध्ये रेल्वेच्या पंख्यांच्या प्रकरणात एका कंपनीला मिळाला. २०१८ मध्ये पॅनासॉनिकच्या कबुलीमुळे सेलच्या भावांचे संगनमत उघड झाले. पॅनासॉनिक पूर्ण सुटली, एव्हरेडीला १७१ कोटी भरण्याचा आदेश झाला. बिअरच्या प्रकरणातही तेच. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत उत्पादन शुल्क खात्याकडे कुठला दर मागायचा, हे कंपन्या आधी आपसात ठरवत होत्या. ॲन्ह्यूजर-बुश इनबेव्हने माहिती दिली आणि २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीजला ७५१ कोटी, कार्ल्सबर्गला १२० कोटी दंड झाला. २०२२ च्या डिसेंबरात एनसीएलएटीने तो आदेश कायम केला. कबुली आणि ई-मेल हाताशी असले की खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर लोंबकळत नाही, हा सिमेंटशी असलेला फरक.

आणि वेग असला तर काय होते, ते गुगलच्या प्रकरणाने दाखवले. अँड्रॉइडबद्दलचा १,३३७ कोटींचा आदेश २० ऑक्टोबर २०२२ चा. १९ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि आठवड्याच्या आत गुगलने भारतातले नियम बदलत असल्याचे जाहीर केले. फोनवर शोधयंत्र कुठले ठेवायचे ते निवडण्याची मुभा ग्राहकाला मिळाली. पुढे काही निर्देश एनसीएलएटीने रद्दही केले, गुगलच्याच प्ले स्टोअरच्या वेगळ्या प्रकरणातला ९३६ कोटींचा दंड २१६ कोटींवर आला. पण बदल दंडाच्या रकमेमुळे झालाच नव्हता. तो स्थगिती न मिळाल्यामुळे झाला.

२०२३ च्या दुरुस्तीकडे मी म्हणूनच आशेने पाहतो. अपील करायचे तर दंडाचा चौथा हिस्सा आधी भरावा लागतो. मार्च २०२४ पासून तडजोडीची वाट खुली झाली. अँड्रॉइड टीव्हीचे प्रकरण एप्रिल २०२५ मध्ये २० कोटींच्या तडजोडीवर मिटले, या तरतुदीखाली मिटलेले ते पहिलेच. दंडाची कमाल मर्यादा मोजताना आता कंपनीची जगभरातली, सगळ्या मालाची उलाढाल धरता येते. फॉस्फाइडच्या गोळ्यांच्या खटल्यातून जो मार्ग अरुंद झाला होता, तो संसदेने पुन्हा रुंद केला. ॲपलने नोव्हेंबर २०२५ मध्ये याच तरतुदीला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. बड्या डिजिटल कंपन्यांना आधीच नियम घालून देणाऱ्या विधेयकाचा मसुदा मात्र मार्च २०२४ मध्ये येऊन रेंगाळला, आणि बाजार त्याच्यासाठी थांबलेला नाही.

२०२५ हे वर्ष मुंबईच्या दृष्टीने विशेष घडामोडींचे. १८ मार्चला जाहिरात संस्थांच्या कार्यालयांवर छापे पडले. जाहिरातदारांकडून घ्यायचे दर आणि सवलती आपसात ठरवल्याचा संशय होता. १ जुलैला आयोगाने एशियन पेंट्सविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. तक्रार बिर्ला समूहातल्या ग्रासिमची: रंगाच्या धंद्यात नव्याने उतरलेल्या कंपनीचा माल ठेवू नये म्हणून विक्रेत्यांवर दडपण आणले जाते. आरोप अजून सिद्ध झालेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही चौकशी थांबवण्यास नकार दिला. सिमेंटच्या दंडात ज्या समूहाची अल्ट्राटेक होती, तोच समूह रंगाच्या दुकानात जागा मिळावी म्हणून त्याच आयोगाच्या दारी आला. मला यात कायद्याची प्रतिष्ठा वाढलेली दिसते. ज्यांना त्याचा फटका बसला, त्यांनाही आज तो हवासा वाटतो.

आता मागणी एकच ठेवावीशी वाटते: एनसीएलएटीत स्पर्धेच्या खटल्यांसाठी स्वतंत्र पीठ. कायद्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. गैरप्रकारामुळे ज्याचे नुकसान झाले त्याला ते मागता येते, पण अपिले संपेपर्यंत तो हक्क कागदावर राहतो. मुंबईतल्याच एमसीएक्स-एसएक्स या शेअर बाजाराने तसा दावा केला. चलनाच्या वायद्यांत शुल्कच न आकारून राष्ट्रीय शेअर बाजाराने नव्या स्पर्धकाची कोंडी केली, असे आयोगाने जून २०११ मध्ये ठरवून ५५ कोटींचा दंड केला होता. २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम केला. भरपाईची मागणी ८५६ कोटींची. राष्ट्रीय शेअर बाजार सर्वोच्च न्यायालयात गेला, दावा खोळंबला. मधल्या काळात दावेदार बाजाराचे नाव बदलून मेट्रोपॉलिटन स्टॉक एक्स्चेंज झाले आणि चलनाच्या वायद्यांतला त्याचा वाटा नगण्य उरला.