किल्ली खरी, तरी दार बंद

गेल्या वर्षी दिवाळी अंकाला बारा दिवस उरले असताना काकांचा इंदूरहून फोन आला. "अरे, सर्व्हर मला ओळखतच नाही म्हणतोय. कालपर्यंत तर सगळं नीट चाललं होतं."

काका बँकेतून निवृत्त झालेले. मंडळाचे जुने अंक घरी स्कॅन करायचे आणि ती पानं आपल्या संकेतस्थळाच्या सर्व्हरवर चढवायची, हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. त्यातल्या काही अंकांची एकेकच प्रत उरली आहे आणि पान उलटताना कोपरा हातात येतो. त्यामुळे ही पानं सर्व्हरवर नीट पोचणं आणि तिथे कुणा भलत्याचा हात न लागणं, दोन्ही महत्त्वाचं.

फाइली पाठवायला आपण एसएफटीपी वापरतो. त्याच्या मुळाशी आहे एसएसएच. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे पासवर्ड कुणीतरी चोरून वाचत होतं. त्यानंतर तिथल्याच तातू युलोनेन यांनी ही पद्धत तयार केली. तिच्यात पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवायची आणि खासगी किल्ली आपल्याच संगणकात.

हे मी काकांना पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते लगेच म्हणाले होते, "म्हणजे नमुना सहीचं कार्ड!" अगदी तसंच. सार्वजनिक किल्ली म्हणजे बँकेत ठेवलेला सहीचा नमुना. तो कुणी पाहिला तरी बिघडत नाही. खासगी किल्ली म्हणजे सही करणारा हात. आत जाताना आपला संगणक त्या भेटीपुरती नवी सही करून पाठवतो आणि सर्व्हर ती नमुन्याशी ताडून पाहतो. हात स्वतः कधीच बँकेत जात नाही.

मग आता अडलं कुठे? आदल्या रात्री संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. त्याच किल्लीच्या नोंदी तिथेही होत्या. माझ्या संगणकावरून मी आत जाऊ शकत होतो, म्हणजे सर्व्हर ठीक होता. घाईत मी काकांना म्हणालो, "किल्लीची फाइल पाठवा, बघतो."

ही माझी चूक. किल्लीच्या फाइली दोन असतात आणि नाव एकच असतं. फक्त सार्वजनिक किल्लीच्या नावापुढे 'डॉट पब' हे शेपूट असतं. विंडोज ओळखीची शेपटं लपवून ठेवतं. त्यातून काकांच्या संगणकावर मायक्रोसॉफ्ट पब्लिशर होतं आणि त्याच्याही फाइलींचं शेपूट 'डॉट पब'च. त्यामुळे सार्वजनिक किल्लीवर पब्लिशरचं चित्र दिसत होतं. काकांना वाटलं, हे नातवाचं शुभेच्छापत्र असेल. त्यांनी दुसरी फाइल उचलली आणि मला एकट्याला नव्हे, तर समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. "ही बघा, कुणाला काही समजतंय का?"

ती खासगी किल्ली होती, आणि तिला सांकेतिक वाक्याचं संरक्षणही नव्हतं.

ग्रुपवर सल्ले सुरू झाले. एकाने सुचवलं, काही दिवस पासवर्डनेच आत जाऊ द्या. दुसऱ्याने सर्व्हरवर जुनी पद्धत पुन्हा चालू करणारी ओळ पाठवली. दोन्ही उपायांनी काम झालं असतं. पण एका माणसाच्या संगणकातली अडचण सोडवायला सगळ्यांचं दार ढिलं झालं असतं.

खरं कारण सर्व्हरच्या नोंदवहीत एका ओळीत लिहिलेलं होतं. 'एसएसएच-आरएसए' ही सहीची पद्धत मान्य यादीत नाही.

इथे पुष्कळ जण फसतात, कारण हे नाव दोन गोष्टींना आहे. आरएसए किल्लीच्या फाइलीची सुरुवातही याच शब्दाने होते आणि त्या किल्लीने सही करण्याच्या जुन्या पद्धतीचंही नाव हेच. जुनी सही शा-१ नावाच्या गणितावर उभी होती. २०१७ मध्ये गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइलींचा शा-१ ठसा एकच येतो, हे करून दाखवलं. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या ओपनएसएसएचच्या ८.८ आवृत्तीने ही सही आपणहून स्वीकारणं बंद केलं. बंद झाली ती सही. आरएसए किल्ली बाद झाली नाही. तीच किल्ली शा-२ वापरून नव्या पद्धतीची सही करू शकते, मात्र प्रोग्रॅमला ती पद्धत यायला हवी.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "सीटीएस नसलेले जुने चेक बंद झाले, तसं. खातं तेच, सही तीच, फक्त चेकबुक नवं घ्यायचं."

त्यांचा फाइली पाठवायचा प्रोग्रॅम सात वर्षं जुना होता. "चालतंय ना" म्हणून कधी बदलला नव्हता. तो अद्ययावत केला आणि त्याच जुन्या किल्लीने दार उघडलं. दहा मिनिटांचं काम. पण ती किल्ली आता ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये होती. काकांनी विचारलं, "ग्रुपमधून डिलीट केली की झालं ना?" नाही. ती कुणाच्या फोनमध्ये उतरली, कुठल्या बॅकअपमध्ये गेली, हे आपल्याला कळत नाही. निर्दोष किल्ली माझ्या एका मोघम वाक्यामुळे बाद करावी लागली. सर्व्हरवरची तिची ओळ काढली, काकांच्याच संगणकावर एड-२५५१९ प्रकारची नवी जोडी केली, तिला सांकेतिक वाक्य दिलं आणि या वेळी फक्त 'डॉट पब' फाइल मागवली.

आपल्यापैकी कुणाचं असं अडलं तर या क्रमाने पाहावं:

आधी नाव. सर्व्हरवरचं वापरकर्त्याचं नाव चुकलं तरीही "किल्ली नाकारली" असाच संदेश येतो.

मग प्रोग्रॅमची आवृत्ती. जुना प्रोग्रॅम आणि नवा सर्व्हर असेल तर बहुधा सहीची पद्धत आड येते. उलट सर्व्हर २०१४ च्याही आधीचा असेल तर त्याला एड-२५५१९ किल्ली कळतच नाही. तिथे तेवढ्यापुरती वेगळी आरएसए किल्ली ठेवावी.

मग फाइलीचा साचा. "फॉरमॅट चुकीचा" असा संदेश आला तर किल्ली खराब झाली असं समजू नये. ओपनएसएसएचने २०१८ मध्ये खासगी किल्ली साठवण्याचा नेहमीचा साचा बदलला आणि पुटी या प्रोग्रॅमचा 'पीपीके' साचा तर वेगळाच आहे. पुटीजेनमध्ये एका साच्यातून दुसऱ्यात नेता येतं. हे काम आपल्याच संगणकावर करावं, परक्या संकेतस्थळावर किल्ली चिकटवून नव्हे.

मग परवानग्या. लिनक्सवर खासगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर प्रोग्रॅम ती वापरत नाही. सर्व्हरवरच्या किल्ल्यांच्या यादीत इतरांना लिहिता येत असेल तर सर्व्हर ती यादी मानत नाही.

एवढ्याने उलगडलं नाही तर एसएसएचच्या आज्ञेला 'हायफन व्ही' जोडावं. कुठल्या पायरीवर नकार आला ते दिसतं. तो मजकूर जाणकाराला पाठवायला हरकत नाही.

आणि सर्व्हर हलवल्यावर "या सर्व्हरची ओळख बदलली आहे" असा इशारा आला तर डोळे मिटून 'यस' म्हणू नये. सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून ठसा जुळवून घ्यावा.

मी ग्रुपवर माफी मागितली तेव्हा काकांनी खाली लिहिलं, "आम्ही सही जुळली नाही तर चेक परत करायचो. हात काढून द्या असं कुणाला म्हटलं नाही."

अंक वेळेवर निघाला आणि जुनी पानंही चढली. समितीतल्या ज्यांच्या फोनमध्ये ती फाइल अजून असेल त्यांनी काढून टाकावी. ती आता कुठलंच दार उघडत नाही. आणि ज्यांना यंदा फाइली पाठवायच्या आहेत त्यांनी आपला प्रोग्रॅम याच आठवड्यात अद्ययावत करावा, बारा दिवस उरण्याची वाट पाहू नये.