घोंगडी कशी होते?

घोंगडी अंगाला बोंचते ही आम्हां शहरवासीयांची तक्रार खरीच आहे. परंतु तो राठपणाच तिचा गुण आहे, हें मला माणदेशांत मास्तरकी करीत असतां कळलें.

धनगर आपल्या दख्खनी मेंढ्या वर्षांतून दोनदां कातरीत. कोंकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, तेवढी मऊ. पुढची सारी राठ आणि बहुधा काळी. ती पिंजून बायका चुलीपासून उसंत मिळेल तशी चरख्यावर सूत कांतीत. विणकराच्या एका दिवसाच्या कामामागें कांतणारीचे कित्येक दिवस खर्ची पडत. घोंगडीचा भाव करतांना ते कोणी मोजीत नसे. घासाघीस करणाऱ्यांत मीही होतों.

विणणारे सनगर. राठ सुताचे केस बाहेर निघालेले असतात; तसेंच मागावर चढविलें तर धागे एकमेकांना घासून तुटतात. म्हणून ताणा उघड्यावर ताणून, शिजविलेल्या चिंचोक्यांची खळ मोठ्या कुंच्यानें त्यावर चढवावी लागते. केस चिकटून बसतात, धागा ताठ होतो. ऊन नसेल त्या दिवशीं हें काम बंद! मग खड्ड्यांत पाय सोडून विणकर मागावर बसतो. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते ती या खळीमुळें. वापरानें ती नरमते.

मला तेवढा धीर नव्हता. मीं माझी पहिली घोंगडी सोड्याच्या कढत पाण्यांत घालून धोपटली. ती आखडून जाड आणि निम्मी झाली. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि मार मिळाला कीं ते एकमेकांत गुंततात, ते पुन्हा सुटत नाहींत. शेजारची कांतणारी आजी एवढेंच म्हणाली, “मास्तर, गार पाण्यानं भागलं नसतं व्हय?”

हीच लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही ओली लागत नाहीं, आणि शोषतांना किंचित् ऊब सोडते. शिवाय राठ केस सहसा दबत नसल्यानें त्यांच्यामध्यें हवा राहते. पावसांत घोंगडीची खोळ घेतलेला मेंढका म्हणूनच काकडत नाहीं.

अलीकडे पुष्कळ धनगर मांसासाठीं कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढ्यांकडे वळले आहेत. राठ लोकरीला गिऱ्हाईक फारसें उरलेलें नाहीं. कित्येक ठिकाणीं कातरण्याची मजुरीही तिच्यांतून सुटत नाहीं. मग ती बांधावरच पडून राहते.