गडद तपकिरी भिंत आणि घरातील उजेड

पर्युषण पर्व पार पडते, पाऊस सरतो, भिंतींतील ओल वाळते आणि दिवाळीपूर्वी घर रंगविण्याचा विषय निघतो. तरुण मंडळींना गडद तपकिरी भिंतीचे आकर्षण असते. वडीलधाऱ्यांना खोली कोंदट होईल अशी धास्ती वाटते. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे आहे. निवाडा उजेडाने करावयाचा असतो.

रंग किती प्रकाश परतवितो, याचे माप 0 ते 100 या श्रेणीत दिले जाते. मोतिया रंगाचे माप 80 च्या आसपास, तर गडद तपकिरीचे बहुधा 10 हून कमी असते. म्हणजे तपकिरी भिंत आलेला बहुतेक उजेड गिळून टाकते. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन होते, धान्य निवडताना बारीक जीवही दृष्टीस पडावा अशी जयणा पाळली जाते, तेथे स्वयंपाकघर व जेवणाची जागा या रंगापासून दूर ठेवावी. अन्यथा भरदिवसा दिवा लावण्याची वेळ येते. आजी-आजोबांच्या स्वाध्यायाच्या खोलीलाही हाच नियम लागू आहे.

या रंगाचे योग्य स्थान म्हणजे बैठकीच्या खोलीतील एखादी भिंत. खिडकीसमोरील, थेट उजेड झेलणारी भिंत उत्तम. उरलेल्या तीन भिंती मोतिया किंवा मलईच्या रंगाच्या आणि छत पांढरे ठेवावे.

तपकिरीत तांबूस, पिवळसर वा राखाडी झाक असते. जुने सागवानी कपाट तांबूस असेल, तर तशाच झाकेच्या भिंतीपुढे ते हरवते. तेथे राखाडी झाक शोभते. पितळी समई, फिकट पडदे आणि हिरवी रोपे या रंगापुढे उठून दिसतात.

छटापत्रकावरील बोटभर तुकड्यावर विसंबू नये. दोन फूट लांब-रुंद पुठ्ठ्यावर दोन हात देऊन तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहावा. 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्यात तपकिरी उबदार भासते, तर 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात तीच मळकट दिसू शकते. गडद रंगावर भिंतीचे उंचवटे आणि हातांचे डाग लवकर दिसतात. म्हणून आधी लांबी व प्रायमरचे काम नीट व्हावे.

साहित्याचीही चौकशी करावी. ‘सेपिया’ हा तपकिरी रंग मूळचा माकूळ या सागरी जीवाच्या शाईचा. आजच्या भिंतीच्या रंगांत तपकिरी छटा मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडने येते. कुंचले मात्र डुकराच्या केसांचेही असतात. नायलॉनचे वापरावेत, असे रंगाऱ्यास आधीच बजावावे.

पुढे मन बदलले, तर गडद भिंत झाकण्यास प्रायमर आणि जादा हात लागतात. म्हणून आरंभ एकाच भिंतीने करावा. एक वर्ष ती डोळ्यांना मानवली, तर दुसरीचा विचार. व्यापारात नवा माल प्रथम थोडाच भरतात, तोच शहाणपणा येथेही कामी येतो.