आठ सिलिंडरांच्या श्वासाचा बंदोबस्त

नळी जेथे अरुंद होते तेथे वाहत्या वायूचा वेग वाढतो व दाब उतरतो, या व्हेंचुरीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वावर कार्ब्युरेटरचा सारा कारभार चालतो. दाब उतरला की फ्लोट चेंबरमधील पेट्रोल बारीक जेटवाटे आपोआप वर चढते आणि तुषाररूपाने हवेत मिसळते. परंतु १९६० नंतरच्या दशकात डेट्रॉइटच्या कारखानदारांनी मध्यम आकाराच्या मोटारींत अजस्र व्ही-८ इंजिने बसविण्याचा जो सपाटा लावला, त्याने हा कारभार पेचात सापडला. ३८९ घनइंचांचे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेऊ लागले, आणि त्याचे सिलिंडर दर खेपेस पूर्ण भरतात असे धरले, तर त्यास मिनिटाला सुमारे ५६० घनफूट हवा लागते. तेच इंजिन सिग्नलपाशी थांबले असता याच्या अल्पांशावर भागते. मुख रुंद ठेवावे तर मंद चालीत हवेचा वेग मरून पेट्रोल चढत नाही, आणि अरुंद ठेवावे तर भरधाव चालीत इंजिन गुदमरते.

पॉन्टियॅकच्या १९६४ च्या जीटीओसाठी यावर जादा दाम मोजून मिळणारी तजवीज होती ती ‘ट्राय-पॉवर’ची: रॉचेस्टरचे दोन-दोन मुखांचे तीन कार्ब्युरेटर एका रांगेत, पैकी मधला नित्याच्या चाकरीचा, आणि कडेचे दोन पेडल खोल दाबल्यावरच उघडणारे. चार मुखांच्या एका कार्ब्युरेटरवर ३२५ अश्वशक्ती देणारे इंजिन या त्रिकुटावर ३४८ देते, असे कंपनीचे म्हणणे. क्रायस्लरने आपल्या ४२६ घनइंचांच्या ‘हेमी’ इंजिनावर चार मुखांचे दोन कार्टर कार्ब्युरेटर चढविले. बॉनेट उघडताच भोवती माणसे जमावीत, हाही यातील एक हेतू असावा, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

पॉन्टियॅकची मालक असलेल्या जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी १९६७ च्या मोटारींपासून, कॉर्व्हेटसारखे अपवाद वगळता, एकाहून अधिक कार्ब्युरेटरांना मनाई केली, आणि मग रॉचेस्टरच्या क्वाड्राजेटचे चातुर्य लोकांच्या नजरेस आले. त्याची पुढील दोन मुखे लहान, मागील दोन सव्वादोन इंच व्यासाची. या मागील मुखांवर स्प्रिंगने धरलेली एक झडप असे, जी पेडलच्या नव्हे, तर हवेच्या ओढीच्या हुकमाने उघडे, आणि उघडता उघडता जेटमधील निमुळत्या सळ्या वर उचली, म्हणजे हवा वाढेल त्या प्रमाणात पेट्रोलही वाढे.

पेडल एकाएकी दाबले की हलकी हवा तत्काळ आत धावते, जड पेट्रोल मागे रेंगाळते, आणि इंजिन अडखळते. यावर उपाय म्हणून या कार्ब्युरेटरांत एक चिमुकला पंप असतो. इंजिन बंद असताना वरून आत पाहत थ्रॉटल हलविला, तर पेट्रोलच्या दोन बारीक धारा उडालेल्या स्पष्ट दिसतात.

जनरल मोटर्सच्याच १९७० च्या शेव्हेल मोटारीतील ४५४ घनइंचांच्या एलएस-६ इंजिनावर चार मुखांचा एकच हॉली कार्ब्युरेटर होता, तरी कंपनीने त्याची शक्ती ४५० अश्वशक्ती नोंदविली. दोन कार्ब्युरेटर मिरविणाऱ्या हेमीची दप्तरी नोंद ४२५ होती. शेव्हेलचे इंजिन आकाराने थोडे मोठे होते, आणि त्या काळी असले आकडे कंपन्या आपल्या सोयीने चढवीत-उतरवीत, हे मात्र जमेस धरले पाहिजे.