व्यक्तिमत्त्वाच्या वर्गीकरणपद्धती आणि त्यांचे परस्परसंबंध

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• व्यक्तिमत्त्व-वर्गीकरणाच्या भारतीय व पाश्चात्त्य पद्धतींचा आधार सांगता येईल.
• दोन पद्धतींमधील उगमाचे नाते, मोजमापाचे नाते आणि केवळ शब्दसाम्य यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• अशा वर्गीकरणावरून काढलेल्या निष्कर्षांची तपासणी करता येईल.

प्रास्ताविक

समजा, कल्याणमधील एका तरुणीविषयी एकाच वर्षात तीन निष्कर्ष पुढे आले. लग्नासाठी पत्रिका जुळवताना तिचा गण ‘राक्षस’ निघाला. वैद्यांनी तिची प्रकृती पित्तप्रधान असल्याचे सांगितले. कार्यालयातील प्रशिक्षणात भरून घेतलेल्या प्रश्नावलीने तिची गणना अंतर्मुख व्यक्तींमध्ये केली. घरच्यांनी तिन्हींची बेरीज करून ‘स्वभावाने तापट आणि घुमी’ असे ठरवले. वरपक्षाने तेवढ्यावरून नकार कळवला, तर त्या नकाराला काही आधार आहे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी या पद्धतींचे एकमेकींशी नाते काय, हे पाहावे लागते.

विषय-विवेचन

१. उगमाचे नाते

काही पद्धती एकीतून दुसरी अशा निर्माण झाल्या आहेत. कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये अंतर्मुख व बहिर्मुख ही विभागणी मांडली आणि विचार, भावना, संवेदना व अंतःप्रज्ञा या चार मनोव्यापारांशी ती जोडली. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इसाबेल मायर्स यांनी या विचाराला आणखी एका जोडीची भर घातली व प्रश्नावली तयार केली. चार जोड्यांमधून सोळा प्रकार निघाले. कार्यालयांतून आज परिचित असलेली चार अक्षरांची पद्धत ती हीच.

आपल्याकडेही असा वंशविस्तार दिसतो. सत्त्व, रज, तम या त्रिगुणांच्या आधारे चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे सोळा प्रकार सांगितले आहेत : सात सात्त्विक, सहा राजस आणि तीन तामस. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तिन्ही गुणांची लक्षणे स्वतंत्र समासांत वर्णिली. तेथे हेतू माणसावर शिक्का मारण्याचा नाही. साधकाने स्वतःतील रज-तम ओळखून सत्त्वाकडे वळावे, हा आहे.

२. मोजमापाचे नाते

दोन पद्धतींचा उगम वेगळा असला, तरी त्याच माणसांना दोन्ही प्रश्नावल्या देऊन निष्कर्ष कितपत जुळतात, हे मोजता येते. आधुनिक मानसशास्त्रात ‘पंचघटक प्रतिमान’ मान्यता पावले आहे. बहिर्मुखता, सहमतिशीलता, कर्तव्यदक्षता, अनुभवांविषयीचा मोकळेपणा आणि भावनिक अस्थिरता हे त्याचे पाच घटक. मॅक्रे आणि कोस्टा यांनी १९८९ मध्ये त्याची चार अक्षरांच्या पद्धतीशी तुलना केली. चारही जोड्यांचा पाचांपैकी एकेका घटकाशी संबंध आढळला; भावनिक अस्थिरतेला मात्र त्या पद्धतीत जागाच नव्हती.

आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. चार अक्षरांची पद्धत ‘प्रकार’ सांगते, पंचघटक प्रतिमान ‘प्रमाण’ सांगते. डोंबिवलीहून ठाण्यापर्यंत लोकलमधल्या ग्रुपशी अखंड बोलणारा माणूस कार्यालयात गप्प असू शकतो. बहुसंख्य माणसे अशी मधल्या पट्ट्यात असतात. प्रकार सांगणारी पद्धत या पट्ट्यातूनच सीमारेषा ओढते. त्यामुळे रेषेच्या दोन बाजूंना असलेले, पण जवळजवळ सारखे असे दोघे परस्परविरुद्ध गटांत पडतात. या दृष्टीने त्रिगुणविचार प्रमाणाच्या बाजूचा ठरतो, कारण तिन्ही गुण प्रत्येकात कमीअधिक असतात, असे तो मानतो.

३. शब्दसाम्य

चरकांचे प्रकार सोळा आणि मायर्स-ब्रिग्ज यांचेही सोळा. हा निव्वळ योगायोग आहे. ग्रीक वैद्यकात पित्त आहे आणि आयुर्वेदातही आहे. पण ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार रस आहेत, तर आयुर्वेदात वात, पित्त व कफ असे तीन दोष. चरकांच्या मते रक्त हा दोष नसून धातू आहे.

‘राक्षस’ या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. चरकसंहितेतही ‘राक्षस’ हा एक राजस प्रकार आहे आणि तो माणसाच्या वागण्यावरून ओळखायचा आहे. पत्रिकेतील राक्षसगण मात्र वागणुकीवरून ठरत नाही. जन्मवेळी चंद्र कृत्तिका, आश्लेषा, मघा, चित्रा, विशाखा, ज्येष्ठा, मूळ, धनिष्ठा किंवा शततारका यांपैकी एका नक्षत्रात असला, की तो गण येतो. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो; म्हणजे त्या अवधीत जन्मलेल्या सर्वांचा गण एकच. शब्द एक, आधार दोन. म्हणून प्रास्ताविकातील बेरीज टिकत नाही : तीन पद्धतींनी तीन निराळ्या गोष्टी पाहिल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष परस्परांना दुजोरा देत नाहीत.

४. भाषेचा वाटा

मराठीच्या अभ्यासकाला येथे विशेष काम आहे. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. पंचघटक प्रतिमानाची एक मुळी या शब्दसंग्रहात आहे. मराठीतील ‘भिडस्त’ हा शब्द घ्या. भिडस्त माणूस अंतर्मुख असेलच असे नाही. तो केवळ सहमतिशीलही नसतो. समोरच्याचा मान राखण्यासाठी तो स्वतःची अडचण गिळतो. ‘आतल्या गाठीचा’, ‘मानी’, ‘लाघवी’ हे शब्दही पाच घटकांत पुरते सामावत नाहीत.

५. व्यवहारातील उपयोग

महाराष्ट्रात राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली. कल म्हणजे व्यक्तिमत्त्वाचा प्रकार नव्हे, हा फरक पालकांनी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या ‘वेध’ उपक्रमात निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसे आपली वाटचाल मुलांसमोर मांडतात. चाचणी माणसाचे आजचे रूप दाखवते. वाटचाल ऐकताना ते रूप कसे घडत व बदलत गेले, हे कळते. मार्गदर्शनात दोहोंना स्थान आहे. मात्र एका चाचणीच्या बळावर कोणाचे शिक्षण, नोकरी वा विवाह ठरवणे अयोग्य होय.

सारांश

वर्गीकरणपद्धतींमध्ये उगमाचे, मोजमापाचे किंवा केवळ शब्दांचे नाते असू शकते. कोणत्याही पद्धतीला तीन प्रश्न विचारावेत : ती कशावरून ठरवते? ती प्रकार सांगते की प्रमाण? तिचा हेतू कोणता? या तिन्ही बाबतींत ज्या पद्धती भिन्न आहेत, त्यांच्या निष्कर्षांची बेरीज करू नये.

स्वाध्याय

१. ‘प्रकार’ आणि ‘प्रमाण’ यांतील फरक स्वतःच्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२. चरकसंहितेतील ‘राक्षस’ प्रकार आणि पत्रिकेतील राक्षसगण यांची तुलना करा.
३. तुमच्या बोलीतील स्वभावदर्शक दहा शब्द लिहा. त्यांपैकी कोणते शब्द पाच घटकांत बसत नाहीत, ते सकारण सांगा.